व्याह्यांनी जुळवलेला निळा

दांडी,
२४ जून २०२५

आनंदाराव व्याही यांना हंसाबाईचा नमस्कार.

उद्या बोईसरच्या बाजारात तुमच्या कुंभवलीची शेजारीण भेटणार आहे. तिच्या हाती सुकटाची पिशवी देते आहे, हे पत्र त्यातच आहे. वास आला तर नाक दाबून वाचा, पण वाचा. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे दवंडी. माझा दर्पण तो स्पीकरवर टाकतो, तुमची लेक ज्ञानेश्वरी भाकरी थापता थापता मध्येच उत्तरं देते, नात उन्नती तो हातातून ओढते, आणि विहीण-व्याह्यांचं बोलणं राहतं बाजूला. लेकीचं लग्न लागल्यावर पहिलं पत्र तुम्हीच धाडलंत. चार वर्षं चाललेला रिवाज आता कशाला मोडायचा?

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे दमलेलं ठीक. मासेमारीची बंदी आहे, होडी वर ओढून ठेवली आहे. पुरुष माणसं जाळी दुरुस्त करतात आणि चहा मागतात. बायकांना कसली आली आहे बंदी? सुकं विकायचं, घर बघायचं, नातीच्या मागे धावायचं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की गुडघे आपसात बोलायला लागतात.

तुमच्याकडे एक काम आहे. बंदी उठायच्या आत होडी रंगवायची आहे. आमचा निळा माझ्या सासऱ्यांनी ठरवलेला. बंदरात निळ्या होड्या पुष्कळ आहेत, पण तो निळा आमचाच. संध्याकाळी होड्या परतताना मी किनाऱ्यावर उभी राहते आणि लांबूनच सांगते, आमचा माणूस आला. आता दुकानातलं मशीन काही तसा रंग देत नाही. मागच्या खेपेला दिला तो शाळेच्या बाकासारखा. म्हणून जुन्या रंगाचा एक पोपडा सोबत कागदात गुंडाळून ठेवला आहे. तुम्ही सव्वीस वर्षं कापडाचे रंग जुळवता आहात. बाबांनी पास म्हटलं की माल पास, हे तुमची लेक सगळ्या बंदराला ऐकवत असते. तेव्हा आता विहिणीचाही माल पास करा.

माझ्या साखरेचं विचाराल तर गोळ्या चालू आहेत. डोळ्यांचा फोटो काढायला यंदाही बोलावलं आहे, दरवर्षीच बोलावतात. थेंब घालतात, मग अर्धा दिवस समोर सगळं पांढरंफटक. गेल्या साली त्या नादात हलवा मासा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सरंगा दिला होता. तुमचा फोटो झाला का? माझी तर साधी गोळीवाली, तुमची इंजेक्शनवाली, मोठी.

सुगंधाताईंना सांगा, आंबट घालून करा सुकट, लसूण सढळ हाताने.

तुमची विहीण,
हंसा


कुंभवली,
५ जुलै २०२५

विहीणबाईंना आनंदाचा रामराम.

सुकट पोचलं, आतलं पत्रही पोचलं. वासाचं म्हणाल तर आमच्या खोलीमागे कारखान्यांची रांग आहे. त्या वासापुढे तुमची पिशवी म्हणजे अत्तर.

रंगाचं काम झालं. सुट्टीच्या दिवशी नाक्यावरच्या रंगाच्या दुकानात जाऊन बसलो, पोपडा काचेवर ठेवला, समोर डबे उघडायला लावले आणि हाताने मिसळून जुळवला. मशीनला नंबर कळतो, रंग कळत नाही. दुकानदार मध्येच म्हणाला, ‘काका, जरा हिरवट वाटतोय का?’ म्हटलं, ‘तुझा चष्मा बदल.’ लेकाचा अजून पंचविशीचाही नाही आणि मला शिकवतो. तुमच्या सासऱ्यांचा निळा तसाच्या तसा उतरला आहे. डबे दर्पणराव घेऊन जातील.

बाकी कंटाळा आला आहे. दिवसभर लाइटच्या पेटीत तोंड घालून बसायचं, पार्टीचा नमुना एका हातात, आपला तुकडा दुसऱ्या हातात. पूर्वी एका नजरेत होणाऱ्या कामाला आता चार नजरा लागतात. कारखान्याने नव्या ट्यूबलाइट बसवल्या आहेत, त्यांचा हा प्रताप. रंग धुरकट दिसतात, डोळे चुरचुरतात. घरी आलो की काहीच बघू नये असं वाटतं. सुगंधा टीव्ही लावते, मी भिंतीकडे तोंड करून पडतो.

माझा फोटो झालेला नाही, व्हायचाही नाही इतक्यात. गेल्या वर्षी इंजेक्शन सुरू झालं तेव्हा दर्पणराव मला गाडीवर बसवून इथल्या दवाखान्यात घेऊन गेले होते. खिडकीतल्या माणसाने कॉम्प्युटरवर भरता भरता विचारलं, साखर कुठल्या प्रकारची? आमच्या चाळीत पोराटोरांनाही ठाऊक आहे, गोळीवाली दोन नंबर आणि इंजेक्शनवाली एक नंबर. मी म्हटलं, एक नंबर. कधीपासून? म्हटलं, यंदापासून. त्याने तसं भरलं आणि म्हणाला, मग डोळ्यांचा फोटो पाच वर्षांनी. एक नंबरवाल्यांना तसाच नियम आहे म्हणे. बरंच झालं. रजा मागा, रांगेत बसा, थेंब घाला, हे सगळं वाचलं. पाच वर्षांनी मी घरीच बसलेला असेन. मग बघू देत डोळ्यांत काय बघायचं ते.

जानूराव व्याह्यांना रामराम. उन्नतीचा एक पापा घ्या.

आपला,
आनंदा


दांडी,
२३ जुलै २०२५

आनंदाराव व्याही,

डबे पोचले. होडी रंगवून झाली. निळा छान आला आहे. सगळं बंदर बघून गेलं.

एकच विचारते, रागावू नका. माझी साखर लहान, तिचे डोळे दरवर्षी तपासतात. तुमची मोठी, तिला पाच वर्षं सुट्टी. हा कुठला हिशेब? मोठं जाळं रोज बघायचं आणि लहान जाळं सणासुदीला, असंच आम्ही करत आलो.

आणि तुमच्या पत्राच्या ओळी उजवीकडे चढत गेल्या आहेत. शेवटच्या दोन तर एकमेकींच्या डोक्यावर बसल्या आहेत. बल्ब बदला.

हंसा


दांडी,
२३ जुलै २०२५

सुगंधाताई,

हे पत्र वेगळ्या पिशवीत, बोंबलांच्या खाली ठेवलं आहे. आनंदारावांना दाखवू नका. त्यांच्या पिशवीत मी लिहिलं आहे की निळा छान आला. तो आलेला नाही. होडी हिरवी झाली आहे.

डबा उघडला तेव्हाच आमचे हे म्हणाले, ‘ह्यो निळा हाय?’ दर्पण म्हणाला, वाळला की निळा होईल. एक बाजू लावली. वाळल्यावर आणखीच हिरवी. शेजारचा चिंधू आला आणि ओरडला, ‘काय गो हंसा, होडीला शेवाळ धरलं का?’ सगळे हसले. ह्यांनी खरवडायला पातं हातात घेतलं. तेवढ्यात माझं लक्ष तुमच्या लेकीकडे गेलं. ज्ञानेश्वरी ब्रश धरून नुसती उभी होती. म्हणाली, ‘आई, बाबांचं असं कधी होत नाही.’ आणि तिचे डोळे भरून आले.

तेव्हा मी सांगितलं, दुसरी बाजूही ह्याच रंगाने रंगवा. डबे परत गेले तर तो माणूस जागच्या जागी बसेल. बंदरात सगळ्यांना ताकीद दिली आहे, कोणी विचारलं तर होडी निळी. चिंधूला दोनदा दिली.

ताई, रंगाचं मला काही नाही. मला धास्ती वेगळीच आहे. ज्या माणसाने निळ्याच्या जागी हिरवा दिला, त्याला समोरून येणारी गाडी दिसते का?

काल मी मुद्दाम आमच्या केंद्रात गेले. हिना म्हणून एक मुलगी आहे, डोळ्यांचे फोटो काढायचं मशीन घेऊन ती वेगवेगळ्या दवाखान्यांत फिरते, गुरुवारी तुमच्या बोईसरला असते. तिला विचारलं, इंजेक्शनवाली साखर एक नंबर ना गो? ती म्हणाली, ‘नाय मावशी, इंजेक्शन घेतलं म्हणून टाइप एक होत नाय. टाइप एक वेगळा आजार, बहुतेक लहान वयात येतो. त्यांना पहिल्यापासून इंजेक्शनच लागतं. टाइप दोनवाल्यांनाबी गोळ्या पुरेनाशा झाल्या की इंजेक्शन देतात, पण टाइप दोनच राहतो.’ मग पाच वर्षांचं विचारलं. म्हणाली, टाइप एक एकदम उठतो, त्याचा पहिला दिवस कळतो, म्हणून त्यांचे डोळे पाच वर्षांनी बघायला लागले तरी चालतं. टाइप दोन चोरपावलांनी येतो. कळायच्या आधी किती वर्षं अंगात बसलेला असतो कोणास ठाऊक. म्हणून त्यांचे डोळे पहिल्या दिवसापासून, दरवर्षी.

म्हणजे आनंदारावांना चुकीच्या रांगेत बसवलं आहे. आणि ती रांग पाच वर्षं पुढे सरकायची नाही.

आता तुम्हीच सांगा. त्यांना साखर खरंच गेल्या वर्षीपासूनच आहे का?

हंसा


कुंभवली,
१ ऑगस्ट २०२५

हंसाताईंना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि फाडून टाकलं. बोंबील ह्यांनी आवडीने खाल्ले, त्यातले काटे मात्र मी काढून दिले. ते आता मीच काढते. का, ते आम्ही दोघं बोलत नाही.

बोलत नाही अशा बऱ्याच गोष्टी झाल्या आहेत. चहाचा कप ठेवतात तो टेबलाच्या कडेबाहेर. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपतात. इंजेक्शनच्या पेनवरचा आकडा बघत नाहीत, कानाशी धरून टकटक मोजतात. मी म्हटलं, मी बघून देते, तर म्हणाले, मी काय आंधळा आहे? त्या दिवसापासून माझी जीभ टाळ्याला चिकटली आहे.

कारखान्यातलं तर मला भाग्येशच्या आईने सांगितलं. भाग्येश ह्यांच्या हाताखाली काम करतो, गुणी पोरगा आहे. होळीच्या सुमारास ह्यांनी पास केलेला माल पार्टीकडून परत आला, तोही एकदा नाही. तेव्हापासून हे जेवायला गेले की भाग्येश सगळं गुपचूप पुन्हा जुळवतो आणि ह्यांच्याच सहीवर पुढे धाडतो. ह्यांना माहीत नाही. तुमच्या बंदरासारखंच आमच्याकडेही आहे बघा.

तुम्ही शेवटी विचारलंत त्याचं उत्तर मला देता येत नाही. चार माणसांत त्यांनी दिलेला शब्द मी बायको असून कसा खोडू? तो शब्द कधी दिला आणि कोणापुढे दिला, हे तुम्हाला समजलं तर समजलं. मी थकले, ताई. त्यांचं झाकता झाकता मलाच दिसेनासं झालं आहे. तुम्हीच त्यांना लिहा. तुमच्या पत्रांना ते मान देतात. माझं म्हणजे रोजचंच रडगाणं.

तुमची,
सुगंधा


दांडी,
११ ऑगस्ट २०२५

आनंदाराव व्याही,

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला, होडी पाण्यात गेली. आमचे हे पहिल्या फेरीहून सुखरूप आले, टोपलीभर कोळंबी घेऊन. तुमच्या वाटणीची दर्पणकडे दिली आहे.

आता बसून वाचा.

साखरपुड्याचा दिवस आठवतो का? आमच्या अंगणात मांडव होता. बैठकीत आमच्या मोठ्या दिरांनी विचारलं, तुमच्याकडे कोणाला साखर-बिखर नाय ना? तुम्ही म्हणालात, छे, आमच्याकडे कोणाला नाही. मग मी तुमच्या हातावर पेढा ठेवला. तुम्ही मूठ मिटलीत, तोंडाशी नेलीत आणि खोकला आल्यासारखं करून ती कोटाच्या खिशात रिकामी केलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमच्या मुठीत माझा पेढा होता. तुम्ही कोट खुंटीला टांगून जेवायला बसलात आणि मी बघते तर भिंतीवरून मुंग्यांची रांग सरळ तुमच्या खिशात. मीच झटकल्या त्या. पेढाही मीच काढून कोंबड्यांना घातला. घरी गेल्यावर खिसा रिकामा कसा, ह्याचं तुम्हाला नवल वाटलं नाही का?

आणि जेवणाआधी तुम्ही टेम्पोच्या मागे जाऊन काहीतरी गिळलंत. माझी आईही जेवणाआधी अशीच साखरेची गोळी गिळायची. गोळी गिळणारा माणूस मला मानेवरून कळतो.

तेव्हा मी सगळं जाणून होते. कोणाला बोलले नाही, कारण मला तुमची पोरगी आवडली होती. आणि आमच्याकडे काय, रक्त गाळून भरलं आहे? लग्नाला वर्ष झालं नाही तोच मला गोळ्या लागल्या. तेव्हा तुम्ही मला पथ्याचं लिहिलंत, मेथी भिजवून खा म्हणून. एवढं बारीक पथ्य नवख्याला कसं ठाऊक असेल?

तुमची साखर तेव्हाही जुनीच होती. म्हणजे आता दहा वर्षांच्या वरची असणार. पण दवाखान्याच्या खिडकीशी माझा दर्पण शेजारी उभा होता, म्हणून तुम्ही ‘यंदापासून’ म्हणालात. इंजेक्शन म्हणजे एक नंबर ही चाळीची चूक, ‘यंदापासून’ ही तुमची. दोन चुका मिळून तुमचे डोळे पाच वर्षांसाठी खुंटीला टांगले गेले. डोळ्यांचे फोटो काढणारी हिना म्हणून मुलगी आहे, तिला मी नीट विचारलं आहे. इंजेक्शन घेणारेही टाइप दोन असतात आणि टाइप दोनचे डोळे दरवर्षी बघायचे असतात. न बघता राहिले तर आतल्या आत बिघडतात, दुखत नाहीत, आणि कळतं तेव्हा उशीर होतो.

मला राग आला आहे, आनंदाराव. तुम्ही माझ्या घराला भिऊन डोळे घालवताय. ते पाप माझ्या माथी नको. ज्ञानेश्वरी आता ह्या घरची आहे. तिच्या बापाची साखर जुनी आहे हे कळलं म्हणून तिचं ताट कोणी वेगळं मांडणार नाही, आणि मांडायला आला तर त्याला मी बघेन.

गुरुवारी हिना बोईसरला आहे. दर्पण सकाळी येईल. त्याला मी पेढ्याची गोष्ट सांगितली आहे, तो पोट धरून हसला. तो तुमच्या शेजारीच उभा राहील आणि तुम्ही त्याच्या देखत खरं वर्ष सांगायचं. रजेचा अर्ज त्याने लिहून आणला आहे, फक्त सही करा.

हंसा


कुंभवली,
२४ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

हे स्केचपेनने लिहितो आहे, अक्षर मोठं आहे म्हणून हसू नका. बारीक लिहिलेलं आता मलाच वाचता येत नाही. आता लपवायचं काही उरलं नाही, तर मोठ्यानेच लिहितो.

तुमचं पत्र दोन दिवस खिशातच घेऊन फिरलो. लाज वाटली, त्याहून जास्त त्या मुंग्या डोळ्यांपुढून हलेनात. लग्नापासून मी तुमच्या घरी येतो, इंजेक्शन लागायच्या आधीही बिनसाखरेचा चहा ‘सवय आहे’ म्हणून प्यायचो, आणि तुम्ही हसून द्यायचात. तुम्ही कशाला हसत होतात ते आता कळलं.

गुरुवारी गेलो. हिना मुलगी शांत आहे. कॉम्प्युटरवर बघून म्हणाली, ‘काका, ह्यात टाइप एक आहे, मागच्या वर्षापासून. तुमचं वय बघता नीट विचारते. इंजेक्शन कधीपासून ते नको. साखर कधीपासून?’ दर्पणराव शेजारी होते. मी म्हटलं, ‘चौदा वर्षं. आधी गोळ्या, मग इंजेक्शन.’ दर्पणराव वरच्या पंख्याकडे बघत राहिले. पोराने पंखा असा बघितला की जणू विकत घ्यायचा आहे. तुमचे संस्कार.

तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जुन्या गोळ्यांचं विचारलं, कागद बघितले आणि टाइप दोन करून घेतलं. म्हणाले, हे बरोबर असणं फार गरजेचं आहे, कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हेच बघतात. मग हिना म्हणाली, म्हणजे फोटो आजच.

थेंब घातले, बाकावर बसवलं, फोटो काढला. लोक एकेक करून घरी जात होते. मला ती म्हणाली, ‘काका, तुम्ही थांबा.’ तेव्हाच समजलो. माल परत येतो तेव्हा मॅनेजर असंच हळू बोलतो.

पालघरला मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं, तिथून मुंबईला. उजव्या डोळ्यात आत रक्त उतरलं आहे, मागचा पडदा पार खराब झाला आहे. लेझर करतील, पण गेलेलं परत येणार नाही म्हणाले. वर्षभर आधी आला असतात तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. डाव्या पडद्याला सूज आहे. त्यात दर महिन्याला सुईने औषध सोडायचं आहे. डोळ्यात सुई, विहीणबाई. पण तो वाचेल म्हणतात.

मी ट्यूबलाइटला शिव्या देत होतो.

कारखान्यात जाऊन सांगितलं की रंग जुळवणं आता मला जमणार नाही. भाग्येश मान खाली घालून उभा होता. मी त्याला म्हटलं, तू कधीपासून बघतोयस माझ्यामागे? तो म्हणाला, ‘होळीपासून.’ मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला गोदामात बसवलं आहे. गठ्ठे येतात, गठ्ठे जातात, कुठल्याही रंगाचे असोत.

फार थकलो आहे. पण रात्री झोप लागते. चौदा वर्षांत प्रथमच मी कुठल्याही बैठकीत कोणीही काहीही विचारलं तरी खरं सांगू शकतो.

आपला,
आनंदा


कुंभवली,
१६ डिसेंबर २०२५

विहीणबाईंना आनंदाचा रामराम.

रविवारी तुम्ही बाजारात बसलात आणि आम्ही दांडीला येऊन गेलो, हे ज्ञानेश्वरीने सांगितलंच असेल. जेवण उत्तम होतं. तुमची भाची दीपिका पेढे घेऊन आली होती. तिने मला विचारलं, ‘चालंल ना काका?’ आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘नाही बाई, मला साखर आहे.’ तुमचे मोठे दीर तिथेच होते. म्हणाले, ‘मलाबी हाय,’ आणि आम्ही दोघांनी शेंगदाणे खाल्ले.

डाव्या डोळ्यात आतापर्यंत चार वेळा औषध सोडलं. सूज बरीच उतरली आहे. पेनवरचा आकडा दिसतो, बोंबलाचा काटा दिसतो. हे पत्र साध्या पेनने लिहितो आहे, ओळी बघा सरळ आल्या आहेत का. उजव्यात धूर आहे तो आहेच. त्याच्याशी भांडणं सोडून दिलं.

जेवण झाल्यावर मला किनाऱ्यावर जावंसं वाटलं. सुगंधा म्हणाली, ऊन आहे, नका जाऊ. ज्ञानेश्वरी म्हणाली, बाबा, तिथे वास फार असतो. वासाचं मला कोण सांगतंय, कुंभवलीत राहणाऱ्याला? मी निघालो. दर्पणराव धावतच मागे आले.

वाटेत तुमचा चिंधू जाळं झटकत होता. मी काही विचारलंही नाही, तो आपणहूनच ओरडला, ‘तुमी हंसाचे व्याही ना? ती बघा तुमची निळी होडी!’ पुढे एक म्हातारी बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, ‘निळा झ्याक दिलाव हां काका.’ दोन पोरं खेळत होती, तीही थांबून ‘निळी, निळी’ म्हणाली. दर्पणरावांनीही घाईघाईने बोट दाखवलं. ‘बाबा, ती आपली. निळी.’

एवढी माणसं एकाच रंगाचं नाव इतक्यांदा घ्यायला लागली की रंगाच्या धंद्यातल्या माणसाला शंका येते. मी उजव्या डोळ्यावर हात धरला आणि डाव्याने पाहिलं. आधी चिंधूची होडी पाहिली, ती निळी होती. मग पाणी पाहिलं. मग तुमची.

नाक्यावरचा तो दुकानदार पोरगा आठवला, त्याला चष्मा बदलायला सांगितलं होतं. बंदी उठल्यापासून जानूराव त्याच होडीतून समुद्रावर जात आहेत आणि तुम्ही किनाऱ्यावर उभ्या राहून तुमच्या सासऱ्यांचा निळा नसलेली ती होडी ओळखता आहात. माझ्या घरात, कारखान्यात, तुमच्या बंदरात, एवढी माणसं मला जपत होती आणि मला वाटत होतं की मीच सगळ्यांपासून लपवतो आहे. मला रडू आलं, हंसाबाई. दोन्ही डोळ्यांतून आलं, खराब झालेल्यातूनही.

दर्पणरावांनी घाबरून विचारलं, ‘काय झालं बाबा?’ मी म्हटलं, ‘ऊन लागलं डोळ्याला. छान निळी आहे.’ त्यांचा जीव भांड्यात पडला. चहा प्यायलो आणि घरी आलो.

त्यांना काही सांगू नका. पोरांनी आणि चिंधूने एवढी मेहनत घेतली आहे. पुढच्या जूनमध्ये होडी वर ओढली की मी भाग्येशला घेऊन येईन. जुळवेल तो, मी शेजारी बसेन.

पण तुम्हाला लिहिल्यावाचून राहवेना.

हंसाबाई, होडी हिरवी आहे. मला दिसली.

आपला,
आनंदा